मोकळी जागा कोणाची?

(शहरात जमीन थोडी आणि गरजा फार असतात. विमानतळ, रस्ता, बाग, मैदान या सर्वांना जागा लागते. अशा वेळी निर्णय कोणी व कसा घ्यावा, याचा विचार या पाठात केला आहे. लेखक उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक असून पुण्यात कोथरूड परिसरात राहतात.)



‘हरकत’ हा शब्द तुम्हांला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, “सर, हा तर आमचाच शब्द!” खरे आहे. घरात एखादे मूल खोड्या करू लागले, की अम्मी त्याला रागावून म्हणते, “ही काय हरकत आहे?” उर्दूत हरकत म्हणजे हालचाल किंवा कृती. मराठीत मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. ‘माझी हरकत नाही’ म्हणजे ‘मला हे मान्य आहे’. हा फरक मला लहानपणी ठाऊक नव्हता. त्यामुळे काय झाले, ते आधी सांगतो.

मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला एक मैदान होते. त्याला भिंत नव्हती, फाटक नव्हते, नावही नव्हते. सकाळी तेथे म्हातारी माणसे फिरत. दुपारी शेळ्या चरत. संध्याकाळी आम्ही क्रिकेट खेळत असू. मोहल्ल्यातील लग्नाचा मांडवही तेथेच पडे. एके दिवशी मैदानाच्या कडेला असलेल्या विजेच्या खांबावर एक कागद चिकटवलेला दिसला. मोठ्या माणसांपैकी फार थोड्यांना मराठी वाचता येत होते. अब्बांनी मला पुढे केले आणि म्हणाले, “वाच, काय लिहिले आहे?” मी अडखळत अडखळत वाचले. शेवटी ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे शब्द होते. मी म्हणालो, “अब्बा, हे लोक हरकती मागवत आहेत!” सगळे हसले. शेजारचे चाचा म्हणाले, “मग या पोरालाच पाठवून द्या. याच्याकडे हरकती पुष्कळ आहेत.” आम्ही हसत हसत घरी गेलो.

कागदावर लिहिलेली मुदत संपली. आमच्या मोहल्ल्यातून एकही हरकत गेली नाही. काही महिन्यांनी मैदानाभोवती पत्र्याचे कुंपण पडले. आज तेथे मोटारी उभ्या करण्याची जागा आहे. ती जागा गरजेची नव्हती, असे मी म्हणत नाही. कदाचित असेलही. पण आम्हांला विचारले गेले होते आणि आम्हांला प्रश्नच कळला नव्हता. ही गोष्ट मला आजही बोचते. मी मराठीचा शिक्षक झालो, त्याला हेही एक कारण आहे.

आता मोठ्या जागांकडे वळू. तुमच्यापैकी अनेकांना विमानाची आवड असेल. विमानाला उडण्यासाठी धावपट्टी लागते. धावपट्टी लांब, सरळ आणि सपाट असावी लागते. तिच्या दोन्ही टोकांसमोर उंच इमारती किंवा उंच झाडे चालत नाहीत, कारण विमान तेथून खाली येते आणि वर चढते. पक्ष्यांचे थवे विमानाला धोक्याचे असतात, म्हणून जवळपास उघड्यावर कचरा टाकलेलाही चालत नाही. अशी मोकळी जागा शहराच्या मध्यावर मिळत नाही. त्यामुळे जुने विमानतळ गावाबाहेर बांधले गेले. पुढे शहरे वाढली आणि विमानतळांच्या चारही बाजूंना वस्ती झाली.

मुंबईचा जुहू विमानतळ पाहा. तो १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन निघाले आणि त्यांचे छोटे विमान याच जुहूला उतरले. त्या काळी जुहू म्हणजे समुद्रकाठचे दूरचे ठिकाण होते. आज त्याच्या भोवती दाट वस्ती आहे. मोठी विमाने आता तेथे उतरत नाहीत. मुख्यतः हेलिकॉप्टरे उतरतात.

मग प्रश्न असा येतो, की शहराच्या मधोमध सापडलेल्या अशा लहान विमानतळाचे काय करावे? काही लोक म्हणतात, “विमानतळ राहू द्या. आजारी माणसाला तातडीने हलवायचे असेल, पूर आला, भूकंप झाला, तर तो उपयोगी पडेल.” दुसरे म्हणतात, “थोड्या लोकांच्या सोयीसाठी एवढी जागा का अडवायची? तेथे बाग करा. ती सर्वांना वापरता येईल.” दोघांचेही म्हणणे एकदम टाकून देण्यासारखे नाही. हा वाद जगात अनेक शहरांत झाला. त्यांपैकी दोन शहरांत काय घडले, ते पाहू.

अमेरिकेतील शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या काठी मेग्ज फील्ड नावाचा लहान विमानतळ होता. तो १९४८ साली सुरू झाला. सरोवराचा काठ लोकांच्या फिरण्यासाठी असावा, अशी कल्पना त्या शहराच्या १९०९ सालच्या आराखड्यात मांडलेली होती. महापौर रिचर्ड डेली यांना तेथे बाग हवी होती. विमानतळ वापरणाऱ्यांचा त्याला विरोध होता. ३० मार्च २००३ च्या रात्री शहर झोपले असताना महापौरांच्या आज्ञेने तेथे बुलडोझर आले आणि त्यांनी धावपट्टीवर फुलीच्या आकाराचे मोठे खड्डे खणले. सकाळी लोक उठले तेव्हा विमानतळ बंद झालेला होता. सोळा विमाने तेथेच अडकून पडली. सुरक्षिततेसाठी हे केले, असे महापौरांनी सांगितले. पुढे शहराला दंड भरावा लागला. आज तेथे छान बाग आहे. पण ती बाग कशी मिळाली, हे आठवले की शिकागोतील कित्येक लोक आजही नाराज होतात.

आता दुसरे शहर पाहू. जर्मनीची राजधानी बर्लिन. तेथे टेम्पेलहोफ नावाचा विमानतळ होता. तो १९२३ साली सुरू झाला. १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनला जाणारे जमिनीवरील मार्ग बंद करण्यात आले, तेव्हा याच विमानतळावर अन्न आणि कोळसा घेऊन विमाने उतरत होती. म्हणजे या धावपट्टीने लोकांना उपाशी मरू दिले नाही. असा विमानतळ बंद करणे सोपे नव्हते. तो ३० ऑक्टोबर २००८ रोजी बंद झाला आणि मे २०१० मध्ये तीच जागा लोकांना फिरण्यासाठी खुली झाली. ही जागा ३०० हेक्टरांहून मोठी आहे. जुन्या धावपट्टीवर आता मुले सायकली चालवतात आणि पतंग उडवतात. पुढे सरकारने तिच्या कडेच्या भागात घरे बांधण्याचे ठरवले. शहरात घरांची टंचाई होती, त्यामुळे तेही म्हणणे खोटे नव्हते. तेव्हा २५ मे २०१४ रोजी बर्लिनच्या नागरिकांनी मतदान केले. बहुमत जागा मोकळी ठेवावी असे पडले आणि ती मोकळी राहिली.

मुलांनो, दोन्ही शहरांत शेवटी बागच झाली. मग फरक कशात आहे? एका ठिकाणी निर्णय रात्रीच्या अंधारात झाला. दुसऱ्या ठिकाणी तो सर्वांना विचारून झाला. निर्णय चांगला असणे पुरेसे नाही. तो घेण्याची रीतही चांगली असली पाहिजे. ज्यांचे म्हणणे मान्य होत नाही, त्यांनाही ‘आमचे ऐकून घेतले’ असे वाटले पाहिजे.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे. तो हवाई दलाचा तळ आहे आणि प्रवासी विमानेही तेथूनच जातात. नव्या विमानतळासाठी पुरंदर तालुक्यातील सात गावांची जमीन ठरवण्यात आली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी विरोध केला. तेथे वाद बागेचा नसून शेतीचा आहे. पण मूळ प्रश्न तोच आहे. सर्वांच्या सोयीसाठी कोणाची जमीन घ्यायची आणि त्यांना कसे विचारायचे?

मी राहतो त्या कोथरूडमध्ये विमानतळ नाही. तरीही हा प्रश्न तेथे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. कोथरूड हे एके काळी पुण्याबाहेरचे खेडे होते. पौड रस्त्याच्या पुढच्या भागात शहराचा कचरा टाकला जाई, कारण ती जागा वस्तीपासून दूर होती. पुढे वस्ती तेथपर्यंत पोहोचली. कचरा टाकणे बंद झाले आणि मोठी जागा रिकामी झाली. आता तेथे काय करावे? छत्रपती शिवाजी महाराजांच्या जीवनावरील शिवसृष्टी तेथे व्हावी, असे अनेकांना वाटत होते. त्याच जागेवर मेट्रोचेही काम व्हायचे होते. बरीच वर्षे चर्चा चालली. अखेर २०१८ साली कोथरूडची जागा मेट्रोला आणि शिवसृष्टी चांदणी चौकाजवळ, असा निर्णय झाला. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो सुरू झाली. तुमच्यापैकी काहींनी तिच्यातून प्रवासही केला असेल.

२०२३ साली आणखी एक वाद झाला. कोथरूडमध्ये तात्यासाहेब थोरात उद्यान आहे. तेथे मुलांसाठी मोनोरेल, म्हणजे एकाच रुळावर धावणारी छोटी गाडी, बसवण्याचा महापालिकेचा विचार होता. तुम्हांला वाटेल, गाडी आली तर मजाच! पण परिसरातील रहिवाशांनी विरोध केला. गाडीचे खांब आणि रूळ यांमुळे झाडांना धक्का लागेल आणि खेळायची मोकळी जागा कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. बागेत भर घालताना बागच लहान होऊ नये, हा त्यातला मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

परंतु सर्वांत मोठा वाद टेकडीचा आहे. तुमचे एखादे पाठ्यपुस्तक हातात घ्या. त्यावर बहुधा ‘बालभारती’ हे नाव दिसेल. ही संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली. ती मराठीप्रमाणेच उर्दू माध्यमाचीही पुस्तके तयार करते. तिचे कार्यालय पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर आहे. तेथून जवळच वेताळ टेकडीची रांग आहे आणि टेकडीच्या पलीकडे कोथरूड. आज कोथरूडच्या बाजूने बालभारतीकडे जायचे, तर बहुतेक वाहने विधी महाविद्यालय रस्त्यावरून जातात. तो रस्ता अरुंद असून त्यावर फार गर्दी होते. म्हणून बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत, टेकडीच्या कडेने, सुमारे २ किलोमीटर लांबीचा नवा रस्ता करावा, असा महापालिकेचा प्रस्ताव आहे. टेकडीखालून बोगदे काढण्याचीही सूचना पुढे आली. या सर्वांना अनेक नागरिकांनी विरोध केला. १५ एप्रिल २०२३ रोजी टेकडी वाचवा म्हणत हजारो लोक रस्त्यावर उतरले. हा वाद न्यायालयातही गेला.

टेकडीवर असे काय आहे? गेल्या वर्षी थंडीत मी आमच्या नववीच्या वर्गाला तेथे घेऊन गेलो. पुणे रेल्वे स्थानकावर आम्ही मेट्रोत बसलो आणि वनाजला उतरलो. तेथून पौड रस्त्याच्या बाजूने टेकडी चढलो. वेताळ टेकडी ही शहरातील सर्वांत उंच टेकडी आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ८०० मीटर आहे. वर गेल्यावर एका मुलाने मोराचा आवाज ओळखला. जुन्या दगडखाणीत साठलेले पाणी पाहून सगळे थांबले. तेथून एका बाजूला कोथरूडच्या इमारती दिसत होत्या आणि दुसऱ्या बाजूला, लोहगावच्या दिशेला, एक विमान वर चढताना दिसले.

मी मुलांना एक छोटा प्रयोग करायला सांगितला. प्रत्येक गटाने एक बाटली पाणी घेतले. अर्धे पाणी उघड्या खडकावर ओतले, अर्धे झाडाखालच्या मातीवर. खडकावरचे पाणी लगेच वाहून गेले. मातीवरचे पाणी हळूहळू आत मुरले. आपल्या भागातील टेकड्या काळ्या बसाल्ट खडकाच्या आहेत. या खडकात जेथे भेगा असतात आणि वर माती व झाडे असतात, तेथे पावसाचे पाणी आत शिरते. हेच पाणी पुढे खालच्या विहिरींना आणि कूपनलिकांना मिळते. त्याच जागी डांबर आणि सिमेंट आले, तर पाणी मुरत नाही. ते उतारावरून वेगाने खाली येते आणि खालच्या गल्ल्यांत तुंबते. म्हणजे टेकडी ही केवळ फिरायची जागा नाही. ती शहराची पाण्याची टाकीही आहे.

खाली बसून डबे खाताना मी विचारले, “आता सांगा, रस्ता व्हावा की टेकडी तशीच राहावी?” मला वाटले, सगळे एका सुरात टेकडीच्या बाजूने बोलतील. पण एक मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, “सर, माझे अब्बा रिक्षा चालवतात. विधी महाविद्यालय रस्त्यावर अडकले, की त्यांचा अर्धा तास जातो. गॅस जळतो आणि भाडे तेवढेच मिळते. शिवाय रिक्षात आजारी माणूस असला तर? टेकडीवर फिरायला त्यांना वेळच नसतो.”

कोणीच काही बोलले नाही. मग एक मुलगी म्हणाली, “आमच्या घराला एकच खिडकी आहे. दादीला दम लागतो. आमच्या गल्लीत झाडच नाही. सर, ज्यांच्या घराला अंगण आहे, त्यांना टेकडी गेली तरी चालेल. आम्हांला कुठे अंगण आहे?”

त्या मुलाने पुन्हा हात वर केला आणि मला विचारले, “सर, तुम्ही शाळेत कोणत्या रस्त्याने येता?” मी खरे सांगितले, की कधी कधी मीही त्याच रस्त्याने स्कूटरवरून येतो. गर्दी वाढवणाऱ्यांत मीही आहे. त्या दिवशी मी मुलांना शिकवायला गेलो होतो, पण मलाच शिकायला मिळाले. टेकडी वाचली पाहिजे, असे मला वाटते. ते मत मी बदललेले नाही. परंतु रिक्षावाल्याच्या अर्ध्या तासाचे उत्तर न देता मी ते मत मांडले, तर ते अपुरे राहील. म्हणून आम्ही तेथेच बसून उत्तरे शोधू लागलो. बसगाड्या वाढल्या आणि वेळेवर आल्या, तर किती दुचाकी कमी होतील? मेट्रोच्या स्थानकापर्यंत लहान बस मिळाली तर? रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारी हलवल्या तर जागा होईल का? नवा रस्ता झाला तर गर्दी खरोखर कमी होईल, की नव्या रस्त्यामुळे नवी वाहने येतील? आणि रस्ता केलाच, तर झाडे व पाणी यांचे काय? या प्रश्नांची उत्तरे मागण्याचा हक्क त्या मुलाला आहे आणि त्या मुलीलाही आहे.

हा हक्क वापरायचा कसा? येथे आपण पुन्हा ‘हरकत’ या शब्दाकडे येतो. महाराष्ट्रात शहराचा विकास आराखडा १९६६ सालच्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे तयार होतो. शाळा कोठे, बाग कोठे, रस्ता कोठे, हे त्या आराखड्यात दाखवलेले असते. आराखड्याचा मसुदा तयार झाला, की तो जाहीर करावा लागतो आणि ठरावीक मुदतीत लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. एखादे आरक्षण बदलायचे असेल, तरीही लोकांना विचारावे लागते. झाडांसाठी वेगळा कायदा आहे. तो १९७५ सालचा आहे. शहरात झाड तोडायचे असेल, तर परवानगी घ्यावी लागते आणि तशी नोटीस लावली जाते. म्हणजे दार उघडे असते. आपण त्यातून आत जायचे असते.

हरकत लिहिणे अवघड नाही. पहिली गोष्ट, नोटीस पूर्ण वाचा आणि मुदतीची तारीख लिहून ठेवा. दुसरी गोष्ट, जागेचे नाव आणि नोटिशीचा क्रमांक आपल्या अर्जात लिहा. तिसरी गोष्ट, राग लिहू नका, कारण लिहा. ‘हे फार वाईट आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘या मैदानावर रोज आमच्या गल्लीतील मुले खेळतात व जवळ दुसरे मैदान नाही’ असे लिहिणे अधिक चांगले. चौथी गोष्ट, जमल्यास दुसरा उपाय सुचवा. पाचवी गोष्ट, अर्जाची पोच घ्या आणि ती जपून ठेवा. प्रत्येक हरकत मान्य होईलच असे नाही. पण न केलेली हरकत कधीच मान्य होत नाही.

टेकडीवरून परतल्यावर मी वर्गाला महापालिका आयुक्तांच्या नावाने अर्ज लिहायला सांगितले. कोणाचे मत काय असावे, हे मी सांगितले नाही. रिक्षावाल्याच्या मुलाने रस्त्याच्या बाजूने लिहिले, पण शेवटी एक ओळ जोडली : ‘रस्ता करताना झाडे शक्य तितकी वाचवावीत व पाणी मुरण्याची सोय ठेवावी.’ त्या मुलीने टेकडीच्या बाजूने लिहिले आणि तिनेही एक ओळ जोडली : ‘रिक्षा व बस यांना आधी वाट मिळावी.’ दोघांचे शुद्धलेखन तपासताना माझ्या हातातील लाल पेन थोडा वेळ थांबला. एकमेकांचे म्हणणे त्यांनी ऐकले होते.

यानंतर काही दिवसांनी तोच मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. त्याच्या हातात वही होती. घराजवळच्या एका कडुनिंबाच्या झाडावर त्याला एक कागद चिकटवलेला दिसला होता. त्याने तो शब्दाला शब्द उतरवून आणला होता. झाड तोडण्याबद्दलची ती नोटीस होती. ‘हरकत’ या शब्दाखाली त्याने रेघ ओढली होती.

मी विचारले, “अर्थ कळला ना?”

तो म्हणाला, “हो सर. आणि मुदत अजून चार दिवस आहे.”

आम्ही लगेच कागद घेतला आणि लिहायला बसलो.

मित्रांनो, बाग, मैदान, जमीन, नकाशा, हक्क, अर्ज, मुदत, हरकत हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. त्यांचे मराठी अर्थ नीट शिका. परीक्षेत गुण मिळतील, हे खरेच. पण उद्या तुमच्या गल्लीतील खांबावर कागद लागेल आणि घरातील मोठी माणसे तुम्हांला म्हणतील, “वाच, काय लिहिले आहे?” त्या दिवशी तुम्हांला तो प्रश्न कळला पाहिजे.

शब्दार्थ

मुदत – ठरवून दिलेला काळ
आराखडा – योजना, नकाशासह केलेली आखणी
मसुदा – कच्चे लेखन, अजून पक्का न झालेला मजकूर
आरक्षण – (येथे) विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेली जागा
धावपट्टी – विमान ज्यावरून धावत उडते ती पट्टी
टंचाई – कमतरता
मुरणे – (पाणी) जमिनीत शिरणे
पोच – अर्ज मिळाल्याची सही किंवा शिक्का असलेली प्रत
बोचणे – (येथे) मनाला लागून राहणे

सारखे शब्द, वेगळे अर्थ

हरकत – उर्दू : हालचाल, कृती, मराठी : आक्षेप
तक्रार – उर्दू : पुन्हा पुन्हा बोलणे, वाद, मराठी : गाऱ्हाणे
मुदत – उर्दू : काळ, दीर्घ काळ, मराठी : ठरलेली कालमर्यादा
रजा – उर्दू : संमती, मर्जी, मराठी : कामावरून सुट्टी
गरज – उर्दू : हेतू, स्वार्थ, मराठी : आवश्यकता
मजकूर – उर्दू : ज्याचा उल्लेख झाला आहे ते, मराठी : लिहिलेला भाग

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या मोहल्ल्यातून एकही हरकत का गेली नाही?
(आ) जुने विमानतळ गावाबाहेर का बांधले गेले?
(इ) बालभारतीची स्थापना केव्हा झाली?
(ई) थोरात उद्यानातील मोनोरेलला रहिवाशांनी कोणत्या कारणाने विरोध केला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शिकागो आणि बर्लिन येथील निर्णयांत कोणता फरक होता?
(आ) ‘टेकडी ही शहराची पाण्याची टाकीही आहे’ असे लेखक का म्हणतात?
(इ) रिक्षावाल्याच्या मुलाचे आणि मुलीचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहा.

३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) “मग या पोरालाच पाठवून द्या.”
(आ) “आम्हांला कुठे अंगण आहे?”
(इ) “मुदत अजून चार दिवस आहे.”

४. पुढील शब्द मराठी अर्थाने वाक्यांत वापरा.
हरकत, तक्रार, रजा, गरज

५. रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
(अ) राग लिहू नका, ______ लिहा.
(आ) न केलेली ______ कधीच मान्य होत नाही.

६. उपक्रम
(अ) पाठात सांगितलेला पाण्याचा प्रयोग आपल्या शाळेच्या आवारात करा. डांबर, फरशी आणि माती या तिन्हींवर पाणी ओतून काय होते, ते वहीत लिहा.
(आ) आपल्या भागातील एखादी मोकळी जागा निवडा. तेथे दिवसभरात कोण कोण येते, याची नोंद करा. ती जागा दुसऱ्या कामासाठी घेण्याची नोटीस लागली आहे, असे समजून आयुक्तांच्या नावाने दहा ओळींचा अर्ज लिहा. आपले मत कोणतेही असो, कारण अवश्य द्या.